न केलेला फोन

कांदिवलीच्या सुलक्षणा परब यांना सोसायटीतली मंडळी 'फॉरेनच्या मावशी' म्हणत. अर्धं आयुष्य आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोकरीत, नैरोबी-जिनिव्हा करण्यात गेलं. मुलगी तिकडेच स्थायिक झाली आणि ताई इथे एकट्या. अशाच निवृत्त मंडळींची उपनगरांतली संघटना त्या चालवत, तीही फुकट. कुणाचं पेन्शन अडलं, कुणी आजारी पडलं, की धावल्या ताई!

संघटनेचा एक रिवाज होता. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या एका सभासदाला फोन करायचा, दोन शब्द बोलायचे आणि ग्रुपवर कळवायचं, 'बोललो, ठीक आहे.' कारण उघड आहे. मुलं परदेशात, शेजारी नवखे. एखादा घरात पडला तर कळणार कुणाला?

ताईंना फोन करायचा तो बोरीवलीच्या दशरथ तावडेने. दोघं नैरोबीत एकाच खात्यात होते. त्याच्या बायकोच्या शेवटच्या आजारात ताईंनी तिला स्वतःच्या हाताने भरवलं होतं. दशरथ म्हणजे माझा भाऊच, असं त्या ज्याला त्याला सांगत.

त्या रविवारी ताई सकाळीच स्वयंपाकघरात घसरल्या. खुबा मोडला, हलता येईना. मोबाईल बाहेरच्या टेबलावर. तरी त्यांनी धीर सोडला नाही. आता दशरथचा फोन येईल, मी उचलला नाही की तो रिक्षा पकडून येईलच, असं स्वतःला समजावत पडून राहिल्या.

फोन वाजलाच नाही!

सोमवारी कामवाल्या सोनूबाईने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तेव्हा ताई अर्धवट शुद्धीत होत्या. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मोबाईल मागून घेतला. ग्रुपवर रविवारी सकाळचा दशरथचा निरोप होता, 'सुलूशी बोललो. ठणठणीत आहे.'

ताई ढसाढसा रडल्या. हाड मोडल्याचं सोसलं असतं हो, हे कसं सोसायचं?

घरी आल्या त्या संघटना बंद करायचं ठरवूनच. त्यांच्यासोबत राहायला नाहूरहून कमल सपकाळे आल्या होत्या. त्याही संघटनेतल्याच, जुन्या मैत्रीण. इतक्यात दशरथ मोसंबी घेऊन दारात उभा!

"सुलू, अगं नातवाची मॅच होती, घाईत होतो. तू नेहमी बरीच असतेस ना! म्हणून टाकलं लिहून."

"टाकलं लिहून?" ताई कडाडल्या. "मी फरशीवर पडलेली आणि तू जगाला सांगतोस मी ठणठणीत!"

"पण फोन केला असता तरी तुला उचलता आला नसता…"

"मग आला असतास ना रे! आणि काहीच लिहिलं नसतंस, तर दुसऱ्या कुणी तरी चौकशी केली असती. तू नुसता विसरला नाहीस दशरथ, येणारी मदत अडवलीस माझी!"

दशरथची मान खाली गेली.

"नोकरीत खुर्चीत बसून 'परिस्थिती सामान्य' असं वरिष्ठांना कळवायचं, ही आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली सवय," कमलताई म्हणाल्या. "मागे एका रविवारी मीही केलंय तसं. नशीब, तेव्हा कुणी पडलं नव्हतं. पण सुलू, संघटना बंद करून शिक्षा कुणाला करतेस? आपल्या ग्रुपमधल्या मुलुंडच्या राजारामला धड दिसत नाही. उद्या तो पडला, तर त्याला विचारणार कोण?"

ताईंचा राग होताच, पण राजाराम डोळ्यांपुढे आला.

"मला काढून टाक, सुलू," दशरथ रडवेला होऊन म्हणाला. "माझी लायकी नाही."

"काढलं की सुटलास तू! नाही काढणार. संघटना चालेल आणि रविवारचा फोन तूच करायचास. विश्वास मात्र मागू नकोस. तो इतक्यात नाही यायचा."

पुढच्या रविवारी फोन आला. "आहे मी," एवढंच बोलून ताईंनी ठेवून दिला. त्याहून जास्त त्यांना बोलवेना. त्यानंतर, राजाराम आपल्या वाट्याचा नसतानाही, दशरथ स्वतः मुलुंडला जाऊन त्याला भेटून आला, आणि मगच त्याने ग्रुपवर दोघांचीही खुशाली लिहिली.

वाचकहो, आपणही घरी, ऑफिसात, सोसायटीत न बघताच 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळे होतो. असं करू नका! विचारलं नसेल तर 'मी विचारलं नाही' एवढं तरी खरं सांगा. ते ऐकून दुसरा कुणी तरी धावेल.