चापाखालची ओळ

मित्रांनो, तुमच्या दप्तरात असतं ना, तसलंच परीक्षेचं पॅड आहे मी. फक्त तुमची पॅडं हल्ली आरपार दिसणारी, कार्टूनवाली असतात आणि मी आहे तपकिरी पुठ्ठ्याचा, जुन्या वळणाचा. माझा एक कोपरा पाण्यानं फुगलाय. पाठीवर कर्कटकानं कोरलेलं 'आसावरी, ८ ब' अजून वाचता येतं. डोक्यावरचा पोलादी चाप मात्र असा कडक आहे की त्यात बोट सापडलं तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल. या चापाचा मला भारी तोरा होता. त्याच चापानं एकदा माझ्या माणसांचे कित्येक महिने खाल्ले. ही गोष्ट मी आजवर मनात ठेवली होती, आज तुमच्यापाशी बोलतो.

माझा जन्म काही थाटाचा नाही. लाकडाचा भुसा भिजवला, वाफेवर दाबला, कापला, चाप ठोकला आणि दिला दुकानात पाठवून. वर्तकनगरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी आठवडाभर टांगून होतो. मग एका संध्याकाळी श्रीपाद नावाचे गृहस्थ आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन आले. त्यांनी माझा चाप तीनदा उघडून मिटवला, त्यात एक कागद धरून जोरात ओढून पाहिला. दुकानदार वैतागला. ते मुलीला म्हणाले, "आसावरी, वस्तू दिसायला कशी आहे ते मागाहून. आधी ती तिचं काम करते का ते बघायचं." मुलीनं मान हलवली. तेव्हा वाटलं नव्हतं, की हे वाक्य तिला पुढे बाळाचा दवाखाना शोधताना उपयोगी पडेल.

आसावरीच्या दहावीला मी होतो, बारावीला होतो, डिप्लोमाच्या शेवटच्या पेपरालाही होतो. गणिताच्या पेपरात तिच्या हाताचा घाम माझ्यावर उतरायचा. निकाल लागला की पेढे तिला, कौतुक तिचं. पण जाता जाता ती मलाही एकदा थोपटून जायची. मग परीक्षा संपल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे गीझरच्या पाइपातून थेंब थेंब पाणी गळायचं, तेवढीच काय ती सोबत. कोपरा फुगला तो तिथेच. मला वाटलं, झालं आपलं.

पण नाही झालं. आसावरीला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम मिळालं आणि तिनं मला माळ्यावरून खाली काढलं. आता माझ्यावर मापांचे तक्ते लागायला लागले. तिथे काळुराम नावाचे जुने फोरमन होते. नवीन माल देणारा कोणी आला, की आसावरी त्याच्या शेडवर जाऊन सगळं बघून यायची. पहिल्याच खेपेला काळुरामदादांनी तिला बाजूला घेतलं. "मॅडम, पास झालेला माल तो टेबलावर मांडूनच ठेवील. तुम्ही त्याचा लाल डबा बघा." लाल डबा म्हणजे नापास मालाचा डबा. ज्याचा लाल डबा जाग्यावर असतो आणि ज्याला त्यातल्या प्रत्येक तुकड्याचं कारण सांगता येतं, त्याच्याकडून माल घ्यावा. ज्याचा डबा दिसतच नाही, त्याच्याकडे पाणीसुद्धा पिऊ नये, असं दादांचं म्हणणं.

लग्न होऊन आसावरी डोंबिवलीला आली, शौनकच्या घरी. शौनक शिकवण्या घेतो, बोलायला गमत्या आणि मनानं हळवा. सासूबाई सुमती, त्यांचं सगळं प्रेमानं आणि घाईनं. घरात एका बाळाची फार वाट बघितली जात होती, आणि वाट बघता बघता चार वर्षं गेली. आसावरी चौतिशीची झाली.

मित्रांनो, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या पोटात बीजांचा साठा असतो. तो आयुष्यभर हळूहळू कमी होत जातो, नवीन भर पडत नाही. कुणाकुणाचा साठा वेळेआधीच आटतो. यात त्या बाईचा काही दोष नसतो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण मोठी माणसंसुद्धा ते विसरतात. आसावरीच्या रक्ताची तपासणी झाली, कागद माझ्या चापात आला. आकडा होता ०.६. घराजवळचे डॉक्टर म्हणाले, "साठा कमी आहे. वेळ घालवू नका, चांगला दवाखाना बघा."

शौनकनं मास्तरासारखं विचारलं, "पासिंगला किती लागतात?"

आसावरी हसली नाही. रात्रंदिवस मुलांचे मार्क बघणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार म्हणा.

पहिला दवाखाना ठाण्यातला. काय त्याची ऐट! काचेची दारं, कारंजं, आणि भिंतभर गोबऱ्या बाळांचे फोटो. एक गोड आवाजाची बाई म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे सत्तर टक्के यश आहे."

"कुणाच्या सत्तर टक्के?" आसावरीनं विचारलं. "माझ्यासारखा साठा कमी असलेल्या किती जणी आल्या? त्यांच्यातल्या कितींना बाळ झालं? मधेच सोडून द्यावं लागलं त्या धरल्यात का यात?"

बाई म्हणाली, "मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता. पॉझिटिव्ह राहा."

आसावरीनं भिंतीवरचे फोटो एकदा नीट पाहिले आणि मला उचललं. जिन्यात शौनकला म्हणाली, "पास झालेला माल टेबलावर मांडलाय रे. लाल डबा नाहीच." मला तिचं असं कौतुक वाटलं की विचारू नका. पण घरी येऊन ती आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडली. बरोबर प्रश्न विचारणाऱ्याला रडू येत नाही असं थोडंच आहे?

सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी कुठूनसं चूर्ण आणलं. "तीन महिने घे गं, माझ्यासाठी. अंगावर काही येत नाही यानं." आसावरीनं घेतलं. तीन महिन्यांनी कारखान्याजवळच जेवणाच्या सुट्टीत तिनं पुन्हा रक्त दिलं. आकडा आला ०.९.

त्या दिवशी घरात सण होता. सुमतीबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. "लागू पडलं बघ!" शौनकनं शिकवणीच्या फळ्यावर दोन्ही आकडे लिहून मधे वर जाणारा बाण काढला. असाच वाढत असेल तर घाई कशाला, आणखी थोडे दिवस चूर्ण घेऊ, असं ठरलं. आसावरीही हो म्हणाली. तिलाही कुठेतरी हेच ऐकायचं होतं. आणखी पाच महिने गेले. दोन्ही कागद एकावर एक माझ्या चापात होते, आणि मी ते अगदी घट्ट धरले होते.

मग एके दिवशी, दाखवून तर येऊ म्हणून, ती घराजवळच मूल होण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टर मृणालकडे गेली. पहिल्या मजल्यावरचा साधा दवाखाना, खाली किराणा मालाचं दुकान. डॉक्टरांनी मला हातात घेतलं, चाप उघडला आणि दोन्ही कागद बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले. असं आजवर घरात कुणी केलं नव्हतं. चापाखाली झाकलेली वरची ओळ पहिल्यांदा उजेडात आली. त्या ओळीत लॅबचं नाव होतं. एका कागदावर डोंबिवलीच्या लॅबचं, दुसऱ्यावर ठाण्याच्या.

"आसावरी, या दोन वेगळ्या लॅब आहेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "यंत्रं वेगळी, पद्धत वेगळी. यावरून साठा वाढला असं नाही म्हणता येणार. तो वाढत नसतो गं."

आसावरीचा चेहरा पांढराफटक पडला. जी बाई कारखान्यात दोन वेगळ्या मायक्रोमीटरची मापं एका रकान्यात लिहिली म्हणून भल्याभल्यांचे तक्ते परत पाठवते, तिनं स्वतःच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं. "मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "माझं तर हेच काम आहे."

पाच महिने, मित्रांनो. त्याआधीचे तीन धरले तर आठ. ती ओळ माझ्या चापाखाली होती. दोष कुणाचा म्हणाल तर माझा म्हणा. मला तेव्हा पहिल्यांदा माळा बरा वाटला.

डॉक्टर मृणाल तिला रागावल्या नाहीत. त्या आणखी एक गोष्ट बोलल्या आणि त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानीन. आसावरीनं विचारलं, "मग मी तुमच्याकडेच सुरू करू का? घराजवळ आहे, तुम्ही नीट बोलता."

"नको," त्या म्हणाल्या. "आमचं काम बॅचनं चालतं. बीज बाहेर काढून लॅबमध्ये फलित करतात, ते काम बघणारे तज्ज्ञ महिन्यातून पाच दिवस बाहेरून येतात. भरपूर बीजं असणाऱ्यांचं आम्ही तारखांत बसवतो. तुझी एक-दोन बीजं येतील ती आमच्या तारखेसाठी थांबायची नाहीत. जिथे लॅब रोज चालू असते, रविवारीसुद्धा, तिथे जा."

समोर आलेला पेशंट असा आपणहून दुसरीकडे पाठवायला मोठं मन लागतं. त्यांनी चिठ्ठीवर तशा एका दवाखान्याचं नाव लिहून दिलं आणि आसावरीनं ती चिठ्ठी माझ्यावर लावली. लावताना वरची ओळ चापाखाली जाणार नाही एवढं पाहिलं.

त्या रविवारी तिनं जेवणाच्या टेबलाशी बसून माझ्यावर एक कोरा कागद लावला आणि नव्या पुरवठादाराला विचारते तसे प्रश्न लिहून काढले. दवाखान्याची सरकारी नोंदणी आहे का. लॅब रोज चालते का. माझ्या वयाच्या, माझ्याएवढा साठा असलेल्या किती जणींनी तुमच्याकडे सुरुवात केली. किती जणींचं अर्ध्यावर थांबलं. किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं की नाही, ते कोण ठरवणार, तुम्ही की मी. सुमतीबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न पहिला घाल." चूर्णाचा डबा त्यांनी आदल्याच दिवशी टाकून दिला होता.

चिठ्ठीतला तो दवाखाना ठाण्यात खोपटला, डॉक्टर संचिताचा. भिंतीवर एकही फोटो नाही. आसावरीनं मला टेबलावर ठेवून प्रश्न वाचायला सुरुवात केली. डॉक्टर मधेच म्हणाल्या, "द्या ते पॅड इकडे." मला वाटलं, आता चिडणार. त्यांनी खिशातलं पेन काढलं, कपाटातली वही उघडली आणि प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं.

"एक्केचाळीस जणींनी सुरुवात केली," त्या लिहिता लिहिता बोलत होत्या. "चौदा जणींच्या बाबतीत आम्हाला अर्ध्यावर थांबावं लागलं. बीज वाढलंच नाही, किंवा मिळालं आणि पुढे रुजलं नाही. बाळ घेऊन घरी गेल्या नऊ. बाकीच्यांचं नाही झालं. आणि तुमचा पहिला प्रश्न, ते तुम्ही ठरवायचं. मी फक्त विचारलं तर मत देईन."

शौनकनं मनातल्या मनात हिशेब केला. खाली आल्यावर म्हणाला, "अगं, त्या काचेवाल्यांकडे सत्तर टक्के होते. इथे बावीससुद्धा नाहीत."

"तिथे सत्तर कशाचे ते मला माहीत नाही," आसावरी म्हणाली. "हे बावीस माझ्यासारख्यांचे आहेत. आणि रे, हिनं डबा स्वतःहून उघडला."

पहिल्या खेपेला बीज वाढलं नाही. अर्ध्यावर थांबावं लागलं. आसावरी त्या लाल डब्यात गेली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण झालं तेच. त्या संध्याकाळी शौनक स्कूटरवरून तिला घेऊन आला आणि कुणी दिवा लावला नाही. दुसरीकडे जाऊया का, असं त्यानं विचारून पाहिलं. ती म्हणाली, "हे होऊ शकतं, हे तिनं मला आधी सांगितलेलं. ज्यानं आधी सांगितलं त्याच्याकडेच परत जायचं." अशी बाई आहे ती. मी नुसता पुठ्ठा, पण त्या दिवशी तिच्या मांडीवर असल्याचा मला गर्व वाटला.

दुसऱ्या खेपेला बीजं मिळाली दोन. बीज काढायचा दिवस नेमका रविवार निघाला. लॅब उघडी होती. दोनांतलं एक रुजलं.

ती सान्वी. आता सव्वा वर्षाची आहे आणि माझा चाप तिला चावायचा असतो. मध्यंतरी आसावरी तिला कडेवर घेऊन खोपटला गेली, मलाही नेलं. डॉक्टर संचितांनी सान्वीचा गालगुच्चा घेतला, मग माझ्यावरचा तो जुना कागद पाहिला, पेन काढलं, एक्केचाळीस खोडून छप्पन्न केले आणि नऊ खोडून तेरा. "पुढची बाई विचारील तेव्हा तिला हे सांगेन," त्या म्हणाल्या. आसावरीनं छप्पन्नातून तेरा वजा केले. मग तिनं पेन मागून घेतलं आणि खाली स्वतः लिहिलं, त्रेचाळीस. "ज्यांना बाळ नाही झालं, त्याही सांगा," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, असं सांगून मी गप्प बसू शकलो असतो. तेही खरंच आहे, आम्हाला माळ्यावर गीझरखाली ठेवू नका. पण माझी विनवणी दुसरी आहे. माझ्यासारख्या पॅडवर कागद लावाल तेव्हा वरची ओळ मोकळी राहील एवढं बघा. आपल्याला आनंद देणारा कागद असेल तेव्हा तर नक्कीच बघा, कारण तेव्हाच कुणी चाप उघडत नाही.

गेल्या आठवड्यात कारखान्यातल्या पॅकिंगची नंदा आसावरीकडे आली. नुकतीच तिशी पार केलेली, हातात एकच रिपोर्ट, डोळे सुजलेले. आसावरीनं तिला चहा दिला, प्रश्नांचा कागद दिला आणि मग मलाच तिच्या हातात दिलं. देण्याआधी तिनं चाप उघडला, नंदाचा रिपोर्ट दोन बोटं खाली सरकवला आणि म्हणाली, "पहिल्या ओळीपासून वाच. मोठ्यानं."

नंदा वाचायला लागली.