एका हाताने उघडलं पाहिजे

दीड सेकंद

"मोजा," साडू म्हणाला. त्याने डाव्या हाताने शर्ट वर उचलला आणि उजवा हात कमरेकडे नेला.

कोणी मोजायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून खोलीतल्या तिघांनीही मनातल्या मनात मोजलं. साडूचा हात म्यानेवर पोचला आणि तिथेच अडला. वरून आडवा पट्टा, पट्ट्यावर टिचबटण. अंगठा बटणावरून घसरला, परत गेला, परत घसरला. बटण निघालं तर खाली बकल. बकल सुटेपर्यंत घरबांध्यांच्या बायकोचा चार कप चहा गाळून झाला होता. शेवटी आतलं लाकडी पिस्तूल बाहेर आलं ते पँटला बरोबर घेऊनच. मेहुणी तोंडावर हात धरून हसली. साडूसुद्धा हसला आणि म्हणाला,

"साडूभाऊ, एवढ्या वेळात समोरचा माणूस चहा पिऊन घरी गेला असता."

घरबांधे हसले नाहीत. त्यांनी म्यान हातात घेतली, उलटी केली, झटकली. काही पडायचं नाही, हे त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं.

"धावा, उड्या मारा, जिन्यावरून गडगडत खाली या. आतली वस्तू हलणार नाही."

"अहो, न हलून कसं चालेल? एका हाताने उघडलं पाहिजे. दीड सेकंदात. पट्टा काढून टाका. आम्ही जायच्या आत तेवढं करा, म्हणजे दुकानदाराला दाखवतो."

एवढीच चूक झाली होती. पण ती तशी साधी चूक नव्हती. घरबांधे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. चामड्याची घरं शिवणारा म्हणून गल्लीने त्यांना ते चिकटवलं होतं. चष्म्याची, कात्रीची, सुरीची, एकदा तर एका म्हाताऱ्या वैद्यांच्या कवळीचंही घर त्यांनी शिवलं होतं. चाळीस वर्षांत वस्तू आत राहिली पाहिजे एवढंच त्यांना ठाऊक होतं. वस्तू लवकर बाहेर यावी म्हणूनही कोणी घर शिवून घेतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बावीस वर्षं

हा साडू धाकटा. लग्न झालं तेव्हा त्याला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. दोन महिने घरबांध्यांच्या दुकानात बसून त्याने दोऱ्याला मेण लावलं, तेही गाठी पाडत. मग कोणाच्या तरी ओळखीने तो तिकडे, परदेशी गेला, ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात लागला, आणि तिकडून फोटो यायला लागले.

पहिल्या फोटोत नुसतं बर्फ होतं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मग घर आलं, घरापुढे हिरवळ आली, आपल्या दोन खोल्या मावतील एवढं गॅरेज आलं. बायको फोन नवऱ्याच्या नाकापुढे धरायची आणि काही बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर एक फोटो आला त्यात उघडं कपाट होतं, आणि कपाटात बंदुका उभ्या होत्या, आपल्याकडे कोपऱ्यात छत्र्या उभ्या असतात तशा. तो फोटो गल्लीभर फिरला. न्हावी म्हणाला, तिकडे भाजी आणायला जातानाही कमरेला लावून जातात. निवृत्त मास्तर म्हणाले, शाळेतल्या पोरांना मारतात ते लोक, त्यात कौतुक कसलं? न्हावी म्हणाला, ते वाईटच, पण मास्तर, तिकडे रांगेत कोणी मध्ये घुसत असेल का सांगा.

घरबांधे सगळ्यांदेखत "वेडे लोक आहेत" म्हणाले आणि मान खाली घालून आरी चालवू लागले. आतून मात्र त्यांना वाटत होतं, असं वेडं व्हायला मिळालं तर कोण नको म्हणेल? माझं घर, माझं अंगण, माझी वस्तू, कोणाला विचारायचं नाही. इकडे जिन्यात चपला काढल्या तरी घरमालकाची सून वरून ओरडते. बंदूक त्यांना नकोच होती. बंदूक असलेला माणूस जसा सावकाश चालत असेल, तसं एकदा चालायला हवं होतं.

आणि गेल्या वर्षी साडूने फोनवर सहज विचारलं, "पिस्तुलाची म्यान शिवाल का? इथे एका दुकानात काचेच्या कपाटात ठेवतात. नमुना पसंत पडला तर पहिल्या खेपेला दोनशे घेतील."

काचेचं कपाट. तिकडचं. घरबांध्यांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

पाऊण तास

नमुना तयार झाला त्या दिवशी घडलेली ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही.

साडूने कागदावर खऱ्या मापाचा आकार काढून पाठवला होता. त्यावरून शेजारच्या सुताराने शिसवी लाकडाचं पिस्तूल कोरून दिलं. चामडं भिजवून त्यावर बसवलं, हाडाच्या पट्टीने घासून घासून आकार उठवला, वाळवलं, शिवलं. आणि मग घरबांध्यांनी दाराबाहेर इकडेतिकडे पाहून ते कमरेला लावलं, वर शर्ट सोडला, आणि पाऊण तास गल्लीत फिरले.

दुकानाच्या दारात रोज एक जण स्कूटर लावायचा. वर्षभर ते त्याला सांगू सांगू म्हणत होते. आज ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. पाय थोडे फाकलेले, एक हात कमरेपाशी, बोलायची घाई नाही.

"स्कूटर."

त्याने वर पाहिलं, नीट पाहिलं, आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "काका, कंबर धरली का? आधी बोलायचं ना. शेकून घ्या रात्री." आणि त्याने स्कूटर हलवली. वर हाताला धरून त्यांना पायरी चढवून दिली.

एक दुपार

मेहुणी एकटीच दुकानात आली. साडू जेवून झोपला होता. ती स्टुलावर बसली, कातरणीचे तुकडे उचलून एकावर एक ठेवत राहिली. बायकोपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण आता थोरली दिसत होती. चांगल्या घड्याळाखाली मनगट बारीक झालं होतं.

"भावजी, पट्टा काढलात?"

"संध्याकाळी काढतो. रापीचं काम आहे, उजेडात बरं."

"काढू नका."

घरबांध्यांना वाटलं, हिला रंग आवडला नसेल, काहीतरी बायकी खुसपट असेल. त्यांनी तसं विचारलंही. ती खाली बघूनच बोलत राहिली. कारखाना हिवाळ्यातच बंद झाला होता. इकडे कोणाला सांगायचं नाही असं त्याने तिला बजावलं होतं. सकाळी अजूनही तो डबा घेऊन निघतो, गाडीपर्यंत जातो आणि गॅरेजातच बसतो. खुर्ची टाकून. समोर टेबलावर ती कमरेची बंदूक ठेवून.

"मी दार उघडलं की पुसत असतात. म्हणतात, साफ करतोय. रोज किती साफ करायची हो एखादी वस्तू?"

आरी घरबांध्यांच्या हातातच राहिली.

बंदुकांच्या कपाटाला कुलूप लावून तिने किल्ली लपवली होती, हरवली म्हणून सांगितलं होतं. ही एक मात्र त्याच्या अंगावरची, ती कशी काढून घेणार? मागितली तर हसतो. डॉक्टरची वेळ घेतली होती, परत गेल्याच्या तिसऱ्या दिवशीची. येईन म्हणाला होता. पण ते 'येईन' तिने बावीस वर्षं ऐकलेल्या 'येईन'सारखं नव्हतं.

"तुम्ही शिवलेलं आहे, म्हणून ते ह्यातच ठेवतील. मित्रांना फोटोसुद्धा पाठवलेत, माझ्या साडूच्या हातचं म्हणून. दुसऱ्या कशात ठेवणार नाहीत." तिने तुकड्यांचा ढीग विसकटला. "स्वयंपाकघरापासून गॅरेजपर्यंत चौदा पावलं आहेत. मला तेवढा वेळ लागतो, भावजी. त्या दिवशी तुम्ही मोजलंत ना, चार कप चहा झाला. तेवढा तरी द्या मला."

"आणि दुकानदार?" ते विचारून गेले. विचारल्यावर लाज वाटली, पण शब्द बाहेर पडले होते.

"ते मग नाही होणार."

ती उठली. जाताना म्हणाली, ताईला सांगू नका, तिला वाटतं मी तिकडे राणी आहे, वाटू दे.

मनात आधी काय आलं

ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल. आधी गोड वाटलं. जिभेखाली खडीसाखर ठेवावी तसं, सावकाश विरघळणारं. हिरवळ, गॅरेज, छत्र्यांसारखं कपाट, आणि त्यात बसलेला माणूस रिकामा डबा घेऊन. बावीस वर्षांची भरपाई. ते उठून माठातलं पाणी प्यायले.

मग गोडी गेली आणि राग आला. ह्या माणसाचं दुःखसुद्धा मोठ्या गॅरेजातलं. आपण दुकानात बसून रडलो तर गिऱ्हाईक विचारेल, काका, चष्म्याचं घर झालं का? आपल्याला दुःख ठेवायलाही जागा नाही. आणि आता ह्याच्यासाठी ते काचेचं कपाटही सोडायचं. तिकडे जाऊनही हा जिंकला, तिकडे हरूनही हाच जिंकणार.

असा बराच वेळ ते स्वतःशीच भांडले. समोर म्यान होती, बाजूला रापी. दोन टाके कापले की पट्टा सुटला असता.

मग त्यांना दोऱ्याला गाठी पाडणारा तो पोरगेला साडू आठवला असता तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. त्यांना आठवत राहिली ती फक्त चौदा पावलं. त्यांनी दुकानातल्या दुकानात चालून पाहिली. भिंत मध्ये आली म्हणून वळून परत मोजली. बारीक बाईला धावत यायचं म्हटलं तरी बराच वेळ लागतो.

दोन दिवस

त्यांनी जुनी म्यान बाजूला टाकली आणि नवी शिवायला घेतली. जाड पाठीचं चामडं. ते इतकं घट्ट बसवलं की लाकडी पिस्तूल स्वतःहून श्वाससुद्धा घेणार नाही. वरचा पट्टा रुंद केला, त्याची जीभ आत दुमडून नेली, टिचबटण आतल्या बाजूला. बकल ठेवलं, आणि त्याच्या खाली अशी एक अडकण शिवली की कोपरा अंगठ्याने दाबून पट्टा आधी मागे सारावा, मगच सुटेल. ओढलं की उलट आणखी घट्ट.

ते गुपित त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. डोळे मिटून, एका हाताने, एका दमात त्यांना ते उघडता येत होतं. त्यांनी सात-आठ वेळा उघडून पाहिलं. इतकं चोख काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि ते चोख आहे हे कळणारा जगात दुसरा माणूस नव्हता.

बायको येऊन बघून गेली. "अहो, तो पट्टा काढायला सांगितलाय त्यांनी, तुम्ही दुसरा काय लावताय? दोनशेचं काम आहे. एकदा तरी कोणाचं ऐका."

"काढला तर सांगाडा राहतो मागे," ते म्हणाले. त्याला काही अर्थ नव्हता, पण कारागिराने सांगितलेलं खोडायचं कसं, म्हणून ती पदर झटकून गेली.

टॅक्सी हॉर्न वाजवेपर्यंत

निरोपाला गल्ली जमली. न्हावी वस्तरा पुसत आला, मास्तर आले, घरमालकाची सूनही खाली उतरली. सामान टॅक्सीत चढलं. मेहुणी आत जाऊन बसली आणि खिडकीची काच तिने खाली केली.

साडूने सगळ्यांना दाखवायला म्यान कमरेला लावली. "बघा हं, साडूभाऊंची कमाल," असं म्हणून हात घातला. पट्टा ओढला. आणखी ओढला. दुसरा हात लावला. न्हावी म्हणाला, अहो, कुलूपवाल्याला बोलावू का? सगळे हसले. साडू लाल झाला, मग तोही हसला, पण हसताना त्याचे डोळे क्षणभर कुठे तरी लांब गेले आणि परत आले.

"नाही साडूभाऊ, हे दुकानात नाही चालायचं." त्याने म्यान सोडून हातात घेतली, अंगठा टाक्यांवरून फिरवला. "असू दे. घरचं आहे. माझी ह्यातच ठेवीन."

"आयुष्य गेलं ह्यात," बायको हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाली, "आणि एवढं एक नाही जमलं."

"बघा बरं तुम्हाला तरी उघडतंय का," असं म्हणत साडूने म्यान त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच केलंय ना?"

सगळे बघत होते. टॅक्सीच्या खिडकीतूनही कोणीतरी बघत होतं. घरबांध्यांनी म्यान घेतली. बोटं आपोआप कोपऱ्यावर गेली, अंगठा बरोबर त्या जागी टेकला. त्यांनी तो उचलला. मग पट्टा चुकीच्या बाजूने धरला, ओढला, चष्मा वर सारला, म्यान उजेडाकडे धरून उलटीसुलटी केली, आणि सगळ्या गल्लीसमोर, नवख्या माणसासारखे, चाचपडत राहिले.