गिनतीचा जोडीदार

खांद्यात काठी टोचली तेव्हा लिफ्टवाल्याने डोळे उघडले. समोर बॅटरीचा उजेड आणि त्यामागे हवालदाराचं घामाघूम तोंड. भोंगा वाजत होता. तो कधीपासून वाजत होता कोण जाणे, त्याला आत्ता ऐकू आला.

"अख्खं जेल डोक्यावर घेतलंय तुझ्यापायी, आणि तू इथे बसलायस?"

"साहेब, मी... ध्यान करत होतो."

हवालदाराने बरोबरच्या शिपायाकडे वळून पाहिलं. "ऐकलंस? ध्यान करत होते. चला महाराज, मोठे साहेब दर्शनाला थांबलेत."

सुतारकामाच्या शेडमागे फळ्यांच्या थप्पीआड जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा होती. काम सुटलं की बाकीचे हातपाय धुवायला पळत आणि कैद्यांच्या गिनतीची घंटा होईपर्यंत हा तिथे जाऊन बसे. ध्यान शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई येत. बराकीत त्या वर्गाला 'झोपेचा तास' म्हणत, आणि निम्मे जण त्या नावाला जागतही. लिफ्टवाला मात्र जीव लावून शिकत होता, कारण त्याला झोप अशी येतच नव्हती.

बाहेर असताना तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दार उघडं ठेवून लिफ्ट चालवून बघायची तर दाराच्या स्विचला तेवढ्यापुरती वायर जोडतात आणि काम झालं की काढून घेतात. त्या दिवशी कामाच्या मधेच बायकोचा फोन आला. बोलता बोलता त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि घरी गेला. वायर तिथेच राहिली. संध्याकाळी तिसऱ्या मजल्याचं दार उघडं ठेवून लिफ्ट वर निघून गेली, आणि एक बाई नेहमीच्या सवयीने आत पाऊल टाकायला गेली.

तेव्हापासून तो डोळे मिटून रोज ती वायर काढायचा. काढली की ती पुन्हा तिथेच.

"मन भटकलं तर त्याच्यावर रागवायचं नाही," ध्यानाच्या बाई म्हणत. "त्याला हात धरून श्वासाकडे आणायचं."

"माझं भटकतच नाही हो बाई," तो एकदा म्हणाला होता. "एकाच जागी जाऊन ठाण मांडतं."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "मग तुम्हीही तिथे जा. एक श्वास घ्या आणि परत या."

आज तो गेला होता आणि खरोखरच परत आला होता. वायर दिसली, विरून गेली, आणि मग नुसता श्वास उरला. आत येणारा, बाहेर जाणारा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्यात घंटा त्याच्या कानावरून निघून गेली.

साहेबांच्या खोलीत मामा आधीच उभे होते. लिफ्टवाला जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

गिनतीला जोडीजोडीने बसायचं असतं. मामा त्याचे जोडीदार. लग्नाची जोडी मोडते पण गिनतीची मोडत नाही, असं मामाच म्हणायचे. आज ते रांगेत एकटे बसले होते. हवालदाराने विचारलं तेव्हा त्यांनी ठोकून दिलं, "संडासात आहे साहेब. सकाळपासून पोट बिघडलंय बिचाऱ्याचं." शिपाई संडास बघून आला. रिकामा. मग भोंगा.

"तुझा ध्यानाचा वर्ग बंद," साहेब लिफ्टवाल्याला म्हणाले. मग मामांकडे बघून म्हणाले, "आणि गिनतीला खोटं बोललास म्हणून तुझी उद्याची घरच्यांशी मुलाखत रद्द."

"जी साहेब," मामा म्हणाले. लिफ्टवाला एक पाऊल पुढे सरकला.

मामांनी जमिनीच्या वादात सख्ख्या भावाला मारलं होतं. ज्या काकाच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झाली, त्याला बापाने संपवल्यावर मुलीने बापाचं नाव टाकलं होतं. आता ती नोकरीसाठी दूरदेशी निघाली होती आणि जाण्याआधी एकदाच भेटायला येते म्हणून तिने कळवलं होतं. परवाचं तिचं विमान होतं.

"साहेब, चूक माझी आहे. माझी शिक्षा वाढवा, पण यांना भेटू द्या."

"इथे काय बाजार भरलाय? हे कमी करा, ते वाढवा!" साहेब ओरडले. मग मामांकडे न बघता म्हणाले, "मला काय कळत नाही होय? पण आज सोडलं तर उद्या सगळ्या बराकीचं पोट बिघडेल."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीची वेळ झाली. ज्यांचा पुकारा झाला ते केस चापूनचोपून गेले. मामा अंगणातल्या भिंतीच्या सावलीत बसले होते. त्यांनी दाढी केली होती. अंगात जेलचाच सदरा, पण धुतलेला आणि सतरंजीखाली घालून घड्या पाडलेला. आज तो कशासाठी घातला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

लिफ्टवाला समोर येऊन उभा राहिला. "मामा, मारा मला हवं तर."

"एकाला मारून बसलोय तेवढं बास झालं. बस खाली."

तो बसला.

"फाटकाशी आहे ती," मामा म्हणाले. "शिपाई सांगत होता. भेट नाही म्हटलं तरी गेली नाही. वेळ संपेपर्यंत बसते म्हणाली."

लिफ्टवाल्याने डोळे गच्च मिटले. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवयीने त्याने एक लांब श्वास घेतला, आणि तो श्वास त्याला लगेच आधार देऊ लागला.

"डोळे उघड," मामा म्हणाले.

"मामा..."

"तुला काल शांत वाटलं ना? वाटू दे. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण आता इथून पळू नकोस. मी तिच्यापाशी नाही, ती माझ्यापाशी नाही. तू तरी बस. माझ्याकडे बघत बस."

त्याने पाहिलं. दाढी करताना हनुवटीवर कापलेलं, तिथे कागदाचा कपटा चिकटलेला. फाटकाकडे कुठलाही आवाज झाला की मामांची मान तिकडे वळायची, मग ते ती बळेच समोर आणायचे. थोड्या वेळाने ओठ थरथरायला लागले. मामांनी तोंड लपवलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावरून खाली सदऱ्याच्या गळपट्टीत गेलं. लिफ्टवाल्याचं मन दहादा उठून पळालं, कधी फळ्यांमागे तर कधी तिसऱ्या मजल्यावर. दहादा त्याने ते परत मामांच्या चेहऱ्यावर आणलं. त्याच्या बेसावधपणाने माणसाचं काय होतं, ते त्याने आजवर फक्त कोर्टात ऐकलं होतं. आज ते त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलं होतं.

वेळ संपल्याची घंटा झाली.

मामा उठले. त्यांनी सदरा काढला, झटकला आणि छातीशी धरून त्याच्या आधीच्याच घड्या परत पाडल्या. मग बनियनवर, कोपरात सदरा धरून, ते बराकीकडे चालू लागले.