कार्ड हातात आल्यावर

फिक्रूने आदिस अबाबाहून फोन केला तो बहिणीला नाही, देमिसेला केला. त्यावरूनच देमिसे काय ते समजला. सख्खी बहीण सोडून भाऊ परक्या म्हाताऱ्याला फोन करतो, तेव्हा घरातलं कोणीतरी गेलेलं असतं.

"गाशे, आई गेली," फिक्रू म्हणाला. "काल माती दिली. आता आस्कालेला सांगणं तुमच्या हाती."

गाशे म्हणजे वडीलधारा. अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंगमधली सगळी इथिओपियन मंडळी देमिसेला गाशेच म्हणत. टॅक्सी चालवून त्याची पाठ कामातून गेली होती आणि आता तो एदिरचं, म्हणजे मयताच्या मंडळाचं, काम पाहत असे. कोणाच्या घरी मरण झालं की माणसं जमवायची, खुर्च्या न्यायच्या, जेवण पोचवायचं. त्यात अवघड काम एकच, बातमी सांगायची. ती फोनवर सांगत नाहीत आणि माणूस एकटा असताना तर नाहीच नाही. पहाटे, तो कामाला निघण्याआधी, चारजण मिळून त्याच्या दारात जातात. दार उघडलं, चेहरे दिसले, की तोंड उघडावं लागत नाही. मग सगळेच एकदम रडतात. ज्याचं गेलं त्याला आपल्या रडण्याचा आवाज वेगळा ऐकू येऊ नये, एवढ्यासाठी ती रीत.

आणि वेळ पाहायची, हीही रीतच. कोणी बाळंतीण असेल, कोणाचं ऑपरेशन असेल, पोराची परीक्षा असेल, तर थांबायचं. मेलेलं माणूस कुठे जात नाही, असं जुने लोक म्हणायचे.

फिक्रूच्या बहिणीची, आस्कालेची, मुलाखत पुढच्या आठवड्यात होती.

नवरा तुरुंगात मेल्यावर ती देश सोडून आली होती. सरकारने तिला आसरा दिला, तेवढं काम लवकर झालं. पुढे कायम राहण्याच्या कार्डासाठी अर्ज केला आणि तो जो कुठल्या कपाटात गेला तो गेलाच. बोटांचे ठसे दिले, ते शिळे झाले म्हणून परत दिले. डॉक्टरचा दाखला दिला, त्याचीही मुदत संपली. आता कुठे त्या कार्डासाठी मुलाखतीची तारीख मिळाली होती. मायदेशी तर तिला जाताच येत नव्हतं. वकील म्हणाला होता, दुसरीकडेही जाऊ नकोस, आधी कार्ड हातात येऊ दे. म्हणून आस्कालेने ठरवलं होतं, कार्ड आलं की आईला फिक्रूने नैरोबीला आणायचं आणि आपण तिथे जायचं. दोन्हीकडच्या माणसांना जाता येईल अशी तेवढी एकच जागा. या एका गोष्टीवर ती पार्किंग गॅरेजच्या काचेच्या खोक्यात बसून लोकांच्या गाड्यांच्या पावत्या फाडत होती.

देमिसेने रात्रीच्या जेवणाला बायकोला सांगितलं. मुलूने हातातला घास ताटात ठेवला.

"उद्या पहाटे जाऊ," ती म्हणाली.

तो म्हणाला, मुलाखत होऊ दे. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती साहेबापुढे बसली आणि तारखा चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. आठवड्याचा तर प्रश्न आहे.

"सरकारचा आठवडा का आपला?" मुलूने विचारलं. देमिसे फोन घेऊन उठला. त्याने मंडळातल्या चौघांना कळवलं, चर्चच्या अब्बांना, म्हणजे पाद्रींना, कळवलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. गाशे म्हणतात तर तसंच.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आस्काले रडतच त्याच्या दारात आली. क्षणभर त्याला वाटलं, कळलं हिला. पण तिच्या हातात पत्र होतं. मुलाखत रद्द, नवी तारीख कळवण्यात येईल. कारण काही नाही. मुलूने तिला पोटाशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. सांगा आता, असं ती नजर म्हणत होती. त्याच्या ओठावर आलंही होतं. पण एका दिवशी दोन घाव कसे घालायचे? तो म्हणाला, "येईल गं पोरी, तारीख येईल. चहा घे."

त्या चहाने सगळं बिघडलं.

तारीख आली नाही. एका महिन्याचे दोन झाले. आई फोनवर का येत नाही म्हणून आस्कालेने विचारलं, तेव्हा फिक्रूने सांगितलं की ती एन्तोतोच्या डोंगरावर तीर्थाच्या पाण्यासाठी राहिली आहे, तिथे फोन चालत नाहीत. आस्कालेचा विश्वास बसला, कारण तिची आई तशीच होती. गुडघे दुखले तरी डॉक्टर नको, तीर्थ हवं. पुढे फिक्रू म्हणाला, आईला ऐकू येईनासं झालंय, फोनवर काही कळत नाही. मग आस्कालेने नवा मार्ग काढला. दर रविवारी चर्चहून आली की ती आईसाठी फोनमध्ये बोलून ठेवायची आणि फिक्रूला पाठवायची. तिच्या कानाशी धरून मोठ्याने लाव, म्हणायची.

फिक्रूने एकदा देमिसेला सांगितलं, "गाशे, मी ते निरोप लावत नाही. एकही ऐकलेला नाही. ऐकला तर मी तिला त्याच वेळी फोन करीन."

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना देमिसेने इथल्या चर्चमध्ये गुपचूप करून घेतली. मेलेल्यासाठी बाप्तिस्म्याचं नाव घेतात, ते नाव घरच्यांशिवाय कोणाला ठाऊक नसतं. फिक्रूने ते सांगितलं होतं. नेमका तो रविवार होता. आस्काले बायकांच्या बाजूला पांढरी शाल डोक्यावरून घेऊन उभी होती. अब्बांनी नाव इतकं पुटपुटत घेतलं की ते देवालाच ऐकू गेलं असेल. बाहेर आल्यावर प्रार्थनेची भाकरी वाटायला माणूस कमी पडलं, तेव्हा आस्कालेनेच टोपली उचलली आणि आपल्या आईच्या नावाची भाकरी तुकडे करून सगळ्यांच्या हातावर ठेवली. देमिसेच्याही ठेवली. तो तुकडा त्याने न खाता कोटाच्या खिशात टाकला. कितीतरी दिवस तो तिथे तसाच होता.

त्या दिवसापासून मुलू नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

उन्हाळा आला. आस्काले फोन काढून रोज बघायची. पडद्यावर तेच वाक्य, आपला अर्ज विचाराधीन आहे. ती हसून म्हणायची, "गाशे, एवढा विचार तर माझ्या लग्नाच्या वेळी पण कोणी केला नव्हता." सगळे हसायचे, देमिसे जरा उशिरा हसायचा. तिने एक सूटकेस आणली आणि पलंगाखाली उघडी ठेवली. त्यात आईसाठी लोकरी मोजे टाकले, गुडघ्याला लावायचं मलम टाकलं, खरखरीत बोटांना लागणार नाही असं मऊ पांघरूण टाकलं. एक दिवस ती मुलूकडे बूट घेऊन आली. मुलूला ती एत्ये, म्हणजे थोरली ताई, म्हणे. काळे, मऊ, खालून न घसरणारे.

"एत्ये, जरा घालून बघा ना. तुमचा आणि आईचा पाय सारखाच आहे."

मुलू खुर्चीवर बसली. आस्कालेने तिच्या पायाशी बसून बूट चढवले, अंगठ्यापाशी दाबून पाहिलं, म्हणाली, जागा आहे, मोजे घातले तरी बसतील. चालून बघा. मुलू खिडकीपर्यंत गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"चावतात का?"

"नाही," मुलू म्हणाली. "चांगले आहेत."

आस्काले गेल्यावर मुलूने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मेलेल्या बाईचे बूट घालून मला घरभर चालवलंत. आता तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते." पण तीही गेली नाही. कारण आता प्रश्न आई गेल्याचा राहिला नव्हता. आता सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की आम्हाला ठाऊक होतं. एकेक दिवस जात होता तसा त्या दुसऱ्या बातमीचाच भार वाढत होता. देमिसे मनाला समजावत राहिला, कार्ड येऊ दे. कार्ड आलं की तिच्या हातात काहीतरी असेल. रिकाम्या हाताने ही बातमी घ्यायला नको.

दुसरा हिवाळा सरत आला तेव्हा मुलाखतीशिवायच कार्ड आलं. आधी काही कळवणं नाही, काही नाही. साध्या पाकिटातून, जाहिरातींच्या कागदांबरोबर.

आस्कालेने संध्याकाळी कामावरून फोन केला. तिला नीट बोलता येत नव्हतं. गाशे, तुम्ही फिक्रूशी बोला, म्हणाली, तो तुमचं ऐकतो, आईला ईस्टरच्या आत नैरोबीला आणायला सांगा. देमिसे म्हणाला, "बोलतो." फोन ठेवून त्याने मंडळाला कळवलं. पहाटे.

सहा-सातजण गेले. बायकांनी कोटाच्या आत शाली दुःखातल्या माणसासारख्या घेतल्या होत्या, रंगीत काठ वर गळ्याशी. जिन्यातच कॉफी भाजल्याचा वास आला. देमिसेचे पाय थबकले. त्याने दार वाजवण्याआधीच ते उघडलं.

आस्कालेने ठेवणीतला पांढरा पोशाख घातला होता. मागे जमिनीवर सणाला पसरतात तसं गवत पसरलेलं, त्यावर कॉफीचे छोटे पेले मांडलेले, गॅसच्या छोट्या शेगडीवर तव्यात दाणे तडतडत होते. कार्ड मेरीच्या तसबिरीला टेकवून ठेवलं होतं.

"मला ठाऊक होतं तुम्ही याल म्हणून," ती म्हणाली. "म्हटलं, कामाला जायच्या आत येतील, गाशे सगळ्यांना घेऊन येतील. या ना, दारात काय उभे राहिलात?"

कोणी आत गेलं नाही. ती हसत हसत एकेकाकडे बघत गेली. मग तिची नजर मुलूच्या गळ्याशी गेली, तिथून दुसरीच्या गळ्याशी. हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं.

"फिक्रू?" तिने विचारलं.

देमिसेने नाही अशी मान हलवली. मग उरली आईच.

रीतीप्रमाणे इथे सगळ्यांनी एकदम रडायचं असतं. बायकांनी सुरुवातही केली. पण आवाज जुळेना. आस्काले एकटीच शेगडीपाशी खाली बसली होती आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. मग ती म्हणाली, "कधी?"

देमिसेने सांगितलं. मागच्या हिवाळ्यात, मुलाखतीच्या आठवडाभर आधी. खोटं बोलायचं त्याच्यात त्राण उरलं नव्हतं.

ती मनाशी मागे मागे जात होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने मुलूकडे पाहिलं. "बूट?"

"तेव्हा नव्हती गं," मुलू म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

"चाळिसाव्या दिवसाची भाकरी मी वाटली ती?"

देमिसे म्हणाला, "हो."

तव्यातले दाणे काळे पडून धूर होऊ लागला होता. आस्काले तिथेच बसलेली, पण ढवळत नव्हती, आणि इतरांपैकी कोणाची हिंमत होईना.

"तुम्ही सगळे तिच्यासाठी रडून मोकळे झालात," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पावती मागावी तसा. "फिक्रू रडला, शेजारीपाजारी रडले, तुम्हीही रडला असाल. सगळ्यांची आसवं वाळली. आता मी कोणाबरोबर रडू, गाशे?"

देमिसेने पुढे होऊन गॅस बंद केला. 

तीन दिवस घर उघडं होतं. माणसं येत होती, जेवण येत होतं, खुर्च्या देमिसेनेच लावल्या होत्या. आस्काले सगळ्यांशी बोलली, मुलूच्या मांडीवर डोकं ठेवून एकदा झोपलीही. देमिसेशी ती बोलली नाही. तो रोज आला, दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि उठून गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची माणसं उठली तेव्हा तोही उठला.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली.

मुलूने खाली गाडीत बसते असं खुणेनं सांगितलं आणि ती गेली. आस्कालेने सूटकेस पलंगाखालून ओढून मध्ये आणली, तिच्यावर फोन ठेवला.

"मी आईला दर रविवारी बोलले ते फिक्रूने ऐकलं नाही. काल फोनवर रडत होता. तिने ऐकलं नाही, त्याने ऐकलं नाही. एवढं बोलले मी, ते कोणीतरी ऐकायला हवं ना?" ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तुम्ही ऐका. सगळं. झाल्यावर जा."

देमिसे परत खुर्चीवर बसला. कोट त्याने काढला नाही, मग काढला. आस्कालेने पहिला निरोप लावला. खोलीत तिचाच आवाज घुमू लागला. बहिऱ्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठा काढलेला, हसरा.

"आई, मी बोलतेय, आस्काले. तारीख पुढे गेली गं. पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. इथे गाशे देमिसे आहेत, माझ्या बापासारखे. त्यांनी सांगितलंय, येईल तारीख. ते मला कधी खोटं सांगत नाहीत..."

आस्कालेने डोळे मिटले होते. निरोप संपला, तिने दुसरा लावला. खाली मुलूने गाडी चालू करून ठेवली होती, काचेवर थोडा बर्फ पडू लागला होता. वर देमिसे गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. आई, आज ऊन आहे. आई, तुझ्यासाठी बूट घेतले, एत्ये मुलूच्या पायाला अगदी बरोबर बसले.