मरियममातेखालचा मजकूर

गेल्या तासाभरात कासिमिरा रोचाने उजवा अंगठा तीनदा साबणाने घासला होता. मळ नव्हता हो त्याला! शिसारी बसली होती तिला, स्वतःच्याच अंगठ्याची.

सान रोके बाजाराच्या पुढच्या रांगेत, पत्र्याखाली, एकतीस बायका बसतात. कासिमिरा आपी विकते, म्हणजे जांभळ्या मक्याची गरमागरम पेज, वर दालचिनीचा वास. दोन वर्षांपूर्वी प्रोफेसर अबेलार्दोंनी या बायकांचा फोनवर एक गट काढला. गावातली गिऱ्हाइकंही त्यात घेतली. रोज पहाटे प्रोफेसर एक शब्द पाठवायचे. आधी आवाजात, मग लिहून. बायका तो वहीत गिरवून फोटो टाकायच्या. त्याच गटात शाळेतून, बँकेतून मागणी यायची, ‘दोन्या कासिमिरा, अकराला आठ ग्लास.’ दोन्या म्हणजे बाई, मानाने. एका पातेल्याची दोन पातेली झाली. खोटं कशाला बोला, त्या माणसाने भलं केलं होतं.

बहुतेक जणी अजून अंगठेबहाद्दरच, त्यामुळे निरोप असो की शुभेच्छा, प्रोफेसर सगळं बोलून पाठवत. बायका उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र टाकत. मिळालं, देव तुमचं भलं करो, एवढाच त्याचा अर्थ.

आज पहाटे मात्र गटात मरियममातेचं चित्र आलं. गुलाबांच्या हारातलं, निळ्या झग्यातलं. खाली बारीक अक्षरांत मजकूर. ऑगस्ट म्हणजे मातेच्या जत्रेचा महिना. मातेच्या चित्राला अंगठा न देणारी बाई सान रोकेत अजून जन्मायची आहे. सात वाजेपर्यंत, गिऱ्हाइकं उठायच्या आत, रांगेचे एकतीस अंगठे पडले. पहिला कासिमिराचा.

नऊला गिऱ्हाईक ओसरलं तेव्हा ती सहज तो मजकूर वाचायला बसली. अक्षरांची हावच होती तिला. बसची पाटी म्हणू नका, साखरेचं पोतं म्हणू नका, दिसेल ते वाचायची.

“पु-ढ-ची. पुढची. रां-ग. रांग!” तिला केवढा आनंद झाला. आपल्या रांगेबद्दल काहीतरी लिहिलंय. मग ती पुढे सरकली, आणि सरकता सरकता तिच्या हातातली पळी थांबली.

‘आम्ही सान रोकेच्या विक्रेत्या पुढची रांग स्वखुशीने सोडत आहोत. आम्हाला मागच्या पटांगणात जागा चालेल. रांगेच्या जागी शिक्षण केंद्र व्हावे व प्रोफेसर अबेलार्दो यांनी त्याचे संचालक व्हावे. खालचा अंगठा हीच आमची सही. आज बारा वाजता पालिकेत अंगठे मोजून घ्यावेत.’

‘स्वखुशीने’पाशी ती चारदा अडखळली. हा शब्द कधी शिकवलाच नव्हता.

मागचं पटांगण म्हणजे कोंबड्या कापायची जागा. गटारात पिसं, रक्त, वर माश्यांचं मोहोळ. तिथे आपी प्यायला कुत्रं तरी येईल का? दोन वर्षं या माणसाचा आवाज तिने कानाशी धरून ऐकला होता, रोज, झोपेतून उठल्या उठल्या. शी!

दहाला नेहमीप्रमाणे प्रोफेसर आले. कडक इस्त्रीचा सदरा, तोंडावर साखर.

“काय कासेरा, उकळतीय ना?” आमच्याकडे रोजच्या गिऱ्हाइकाला आणि रोजच्या विकणारीला कासेरा म्हणतात. नात्यासारखंच ते. तिने ग्लास भरून दिला. त्यांनी सुर्रकन घोट घेतला, मिशीला लागलेली जांभळी साय जिभेने चाटली. रोज चाटत. आज तिला ते बघवेना.

“प्रोफे, एक विचारू? गेल्या आठवड्यात तुम्ही वाढदिवसाच्या शुभेच्छा सात मिनिटं बोललात.”

“बोललो असेन. का?”

“आजचंच तेवढं लिहिलंत. बोलला का नाहीत?”

ग्लास ओठाशीच थांबला. “ते होय? अहो, नुसतं कागदोपत्री आहे ते. लांबलचक होतं, म्हटलं बायकांना कशाला कंटाळा.”

“लांबलचक कुठलं? पाच ओळी आहेत. मी वाचल्या.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, त्या चेहऱ्यावर शरम नव्हती. आश्चर्य होतं. ही वाचते?

“दोन्या, समजून घ्या,” ते आवाज उतरवून म्हणाले. “गट काही जन्मभर फोनवर चालत नाही. केंद्र झालं की तुम्हालाच फायदा. तुम्हाला विचारत बसलो असतो तर एकतीस तोंडं, एकतीस भांडणं.”

“म्हणून मातेच्या पदराआडून विचारलंत! केसाने गळा कापलात की हो आमचा. आता असं करा, हेच तुमच्या आवाजात वाचा. हा घ्या फोन.”

“इथे? आत्ता? तमाशा नको.”

“बरं. मग मी वाचते.”

तिने बोलायचं बटण दाबून धरलं आणि वाचायला लागली. अडखळत, अक्षर अक्षर फोडत. ‘स्वखुशीने’ला पाचव्यांदा अडली, पण सोडलं नाही. संचालकाचं नाव तर दोनदा वाचलं. शेवटी आपलं एकच वाक्य जोडलं, “बायांनो, प्रोफे माझ्यासमोर उभे आहेत, खोटं असेल तर त्यांनी सांगावं.” आणि बोट उचललं.

रांगेतले फोन एकामागून एक वाजले. बटाटेवालीच्या गाड्यावर, पाववालीच्या टोपलीत, सगळीकडून कासिमिराचाच अडखळता आवाज. कुणी हसलं नाही. मग शिव्या सुरू झाल्या. त्या इथे देत नाही. मरियममातेखालचे अंगठे गळायला लागले. तीस, बावीस, नऊ. कासिमिराने आपलाही काढला.

शेवटी एकच उरला. म्हातारी तेओफिला लसणाच्या जुड्या सोडून लटपटत आली आणि तिने फोन प्रोफेसरांच्या छातीशी धरला.

“मला मेलीला द्यायला येतो, काढायला येत नाही. तुम्हीच शिकवलंत ना द्यायला? काढा.”

सगळी रांग बघत होती. प्रोफेसरांनी तोच अंगठा स्वतःच्या बोटाने काढला. बोट घामाने दोनदा घसरलं. तेओफिलाने फोन घेतला, पदराला पुसला आणि निघून गेली.

ते तरीही हलेनात. कुठे जाणार? सवयीने राहिलेली आपी संपवली, सवयीनेच रिकामा ग्लास पुढे केला. यापा हवी होती. ग्लास संपला की वरची अर्धी पळी फुकट, कासेराचा हक्कच तो. चोरालासुद्धा नाही म्हणत नाहीत. दोन वर्षांत तिने एकदाही हात आखडला नव्हता.

“यापा, कासेरा,” ते हळूच म्हणाले.

कासिमिराने पातेल्यावर झाकण ठेवलं.

“संपली.”

झाकणाच्या कडेतून जांभळी वाफ येत होती. त्यांनी ती पाहिली, तिनेही पाहिली.