पुसलेलं वर्तुळ

मी व्हाइटबोर्ड बोलतोय, आंग मो किओ या उपनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मीटिंग रूमचा. माझ्यासमोर माणसं हिरिरीने वाद घालतात आणि निघताना मला पुसून जातात. त्यातली पुण्याहून इथे परदेशात नोकरीला आलेली उल्का मात्र माझ्या मनातून पुसली गेली नाही.

बेटाबेटांच्या एका छोट्या देशाचं काम आलं होतं. सगळा कारभार मोबाइलवर आणायचा होता. पण आरोग्य खातं वेगळं यायचं, मदत खातं वेगळं, बँकवाले आणखी वेगळे. प्रत्येकाला स्वतःचं ॲप हवं.

उल्काने माझ्या मधोमध मोठं वर्तुळ काढलं. "आधी साऱ्या देशाचं मिळून एक धोरण ठरू दे. माणसाची नोंद एकच, ती सगळ्यांनी वापरायची."

"खरंय तुझं," तिचे साहेब निशिकांत म्हणाले, "पण त्यांचे मंत्री एका टेबलाशी बसायला तयार नाहीत. मागतायत ते देऊन टाकू."

"आणि उद्या अडलं तर, सर?"

"तेव्हा बघू."

त्यांनी वर्तुळ पुसलं. उल्काने वही मिटली. तिचा इथे राहायचा परवाना नोकरीवरच टिकून होता, आणि जवळच्या हौगांगमधल्या फ्लॅटमध्ये शाळकरी लेक होती. तिन्ही ॲप तिने मन लावून केली. काम पूर्ण झालं त्या दिवशी केकही कापला.

पुढच्या वर्षी बेटांवर वादळ आलं. मीटिंग रूमच्या पडद्यावर तिथली नर्स, लिटिया, बोलत होती. तिच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला रोज इन्सुलिन लागायचं. आरोग्याच्या ॲपमध्ये त्याची नोंद होती. मदतीच्या बोटी मात्र दुसऱ्याच ॲपवर चालत होत्या.

"मी किनाऱ्यावरून ओरडले," लिटिया म्हणाली. "बोटवाला म्हणाला, माझ्या ॲपवर तुमच्या गावात कुणी आजारी दिसत नाही. आणि गेला."

म्हातारा वाचला नाही.

निशिकांत मान खाली घालून बसले. उल्काने हळूच विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

"सेमी."

ते नाव तिने स्वतःशीच पुन्हा उच्चारलं. त्या वर्षाअखेर ती कंपनी सोडून गेली.

आता ऑफिस हलतंय. मी लिफ्टपाशी भिंतीला टेकून पडलोय, भंगारवाल्याची वाट बघत. जाता जाता देश चालवणाऱ्यांना एवढंच विनवतो, आधी एकत्र बसा, मग ॲप काढा. वादळ काही खातं विचारून येत नाही.