रानकांद्याचे हात

आमच्या अनोपेत्रा गावात सकाळचा उजेड घाईने येत नाही. तो आधी समोरच्या कड्यावर थबकतो. मग केफाला डोंगराच्या उतारावरून, एकेक दगड उजळत, सावकाश खाली सरकतो. ऑलिव्हच्या बागेत शिरल्यावर त्याची रुपेरी धूळ होते, आणि आमच्या अंगणात पोहोचेपर्यंत तो इतका पातळ होतो की हात पुढे केला तर हाताला कळूही नये. दारावर टांगलेल्या जुन्या रानकांद्यावर तो सर्वांत शेवटी पडतो. त्या दिवशीही तसाच पडला. वर्ष नवे होते, उजेड नेहमीचाच होता.

त्या कांद्याने मातीवाचून, पाण्यावाचून, नुसत्या खिळ्यावर लटकत, उन्हाळ्याच्या अखेरीस हातभर उंच पांढरा तुरा काढला होता. म्हणून तर आम्ही क्रीटचे डोंगरी लोक तो दारावर टांगतो: जे उपटल्यावरही फुलते, ते घरात असावे. वसंतात पठारावर लाल रानट्यूलिप उमलतात, तेव्हा परगावचे लोक गुडघे टेकून त्यांची छायाचित्रे काढतात. बाबा म्हणतात, "ती फुलं पाहुण्यांसाठी. घर राखायला रानकांदाच लागतो."

वर्षाच्या पहिल्या सकाळी घरच्या कर्त्याने तो स्वतः खणून आणायचा. कुदळ फक्त दगड हलवण्यापुरती. लोखंड लागलेला कांदा दारावर चढत नाही. शेवटची वीतभर माती बोटांनीच उकरायची. त्याच्या चिकाने कातडी पोळते, बोटे दोन दिवस लाल आणि सुजलेली राहतात. तेच लाल हात कॉफीखान्याच्या मेजावर ठेवून कर्ते पुरुष वर्षाची पहिली रकी, द्राक्षांची कडक दारू, पितात. माझ्या बाबांनी, मिरोनास यांनी, एकतीस वर्षे तिथे आपले हात ठेवले होते.

यंदा त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. त्यांचे बालमित्र कानाकिसकाका त्यांना "म्हाताऱ्या" म्हणू लागले, तेव्हा मला राग आला. गुडघा थंडीने धरला आहे, वसंतात सुटेल, असे मी स्वतःला बजावले होते. पण वसंत दूर होता, आणि रिकाम्या हातांनी केफालावरून उतरणे बाबांना मरणाहून जड गेले असते. म्हणून आदल्या संध्याकाळी मी एकटाच वर गेलो, एक थोराड कांदा बोटांनी मोकळा केला आणि खाली पायवाटेलगत, भुसभुशीत मातीत, पाने वर ठेवून पुन्हा पुरला.

"कुठवर चढायचं, मिनास?" सकाळी बाबांनी विचारले.

"हा काय बाबा, वाटेवरच आहे एक."

बाबा काठी टेकून ओणवे झाले. पाने मुठीत धरून त्यांनी ओढ दिली. कांदा अलगद बाहेर आला. ते क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले.

"शहाणा दिसतोय," ते म्हणाले. "आपल्या पायांनी खाली आलाय."

मी हसलो. कांदा खांद्यावर घेऊन ते गावातून असे चालले की त्यांचे लंगडणेही मिरवणुकीचा ठेका वाटावे. मला त्यांचा अभिमान वाटला. खरे सांगायचे तर माझ्या लबाडीचाही.

कॉफीखान्याच्या मेजावर लाल, फुगलेल्या हातांची रांग लागली होती. बाबांनी आपले हात त्यांत ठेवले, आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. ते हात स्वच्छ होते. मी माझे हात खिशात खोल दडवले.

"मिरोनास!" कानाकिसकाका ओरडले. "कांदा खणलास की त्याच्याशी हस्तांदोलन केलंस? हात बघा याचे, नव्या नवरीसारखे नाजूक!"

हशा पिकला. बाबा हसले नाहीत. त्यांनी मान न वळवता म्हटले, "मिनास, हात काढ खिशातून."

"थंडी आहे, बाबा."

"काढ म्हणतो ना."

मी काढले. बाबांनी माझी मनगटे धरून ते हात मेजाच्या मधोमध, आपल्या हातांच्या जागी ठेवले. "बघ कानाकिस, डोळे भरून बघ. माझ्या घरचे हात हे. तुझ्यापेक्षा लाल आहेत की नाहीत?"

काकांनी वाकून पाहिले. "आहेत बुवा," ते म्हणाले, आणि पायानेच एक खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस की कर्त्या. असल्या हातांना रकीच पाजायची असते, दूध नाही."

परतताना मी विचारले, "तुम्हाला कळलं होतं?"

"दगडातला कांदा असा निघतो होय रे?"

"मग बोलला का नाहीत?"

"इतकं मन लावून फसवलंस, मोडवेना."

दारात आई उभी होती. दरवर्षी बाबा तो कांदा आमच्या डोक्यांवर हलकेच टेकवतात, आणि "कांद्यासारखे टिका" म्हणतात. या वेळी त्यांनी तो माझ्या हातात दिला, टोपी काढली आणि मान पुढे केली. केस किती विरळ झाले होते! मी कांदा टेकवला. "कांद्यासारखे टिका," मी म्हणालो. मग खिळ्यावरचा जुना उतरवून नवा टांगला.

गुडघा वसंतात सुटणार नव्हता. बाबा म्हातारे झाले होते.